काउंट रंफर्ड : उष्णतेचा हिशेब ठेवणारा शास्त्रज्ञ

शाळेच्या प्रयोगशाळेंत स्पिरिटचा दिवा पेटवून त्यावर चंचुपात्रांतील पाणी उकळण्याचा प्रयोग आपणांपैकीं बहुतेकांनीं केव्हां ना केव्हां केलाच असेल. ज्योत निळसर, धूर नाहीं, काजळी नाहीं. पण पाणी कांहीं लवकर उकळत नाहीं. खिडकींतून वाऱ्याची झुळूक आली कीं ज्योत एका अंगास झुकते आणि पात्राखालची जागा रिकामी पडते. रिकाम्या डब्यांपासून घरीं स्पिरिटची लहानशी चूल तयार करणाऱ्या हौशी मुलांनाही हाच अनुभव येतो. चूल झोकांत पेटते, स्पिरिट संपून जातें, आणि चहाचें पाणी मात्र कोमटच राहतें. मग दोष स्पिरिटच्या माथीं मारला जातो. वास्तविक उष्णता पुष्कळ उत्पन्न झालेली असते. ती पात्राला न लागतां भलत्याच वाटेनें निघून गेलेली असते. ती कोठें जाते, किती जाते आणि तिला अडवावी कशी, या प्रश्नांच्या पाठीमागें ज्यानें आपल्या आयुष्याचीं तीस-चाळीस वर्षें वेंचलीं, अशा एका विलक्षण पुरुषाचें चरित्र आज वाचकांस सादर करीत आहोंत.

या पुरुषाचें मूळ नांव बेंजामिन टॉम्प्सन. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत वूबर्न या गांवीं एका शेतकरी कुटुंबांत २६ मार्च १७५३ रोजीं त्याचा जन्म झाला. त्या वेळीं तो मुलूख इंग्रजांची वसाहत होता. बेंजामिन दोन वर्षांचाही झाला नव्हता तोंच त्याचा पिता वारला. पुढें आईनें पुनर्विवाह केला. घरची स्थिति बेताची. त्यामुळें गांवच्या शाळेंत थोडेंसें शिक्षण झाल्यावर तेराव्या वर्षीं त्याला सेलम येथील एका व्यापाऱ्याच्या दुकानीं उमेदवारीस ठेवण्यांत आलें. पण मुलाचें लक्ष वहीखात्यांत कसचें लागतें? कोठें यंत्र दिसलें कीं तें उलगडून पाहावें, कोठें पुस्तक मिळालें कीं तें वाचून काढावें, असा त्याचा स्वभाव. एकदां सणासाठीं शोभेची दारू कुटीत असतां तिचा स्फोट होऊन तो चांगलाच भाजला. इतकें होऊनही अग्नि आणि उष्णता यांविषयींचें त्याचें कुतूहल तिळमात्र कमी झालें नाहीं. लोआमी बॉल्डविन नांवाच्या आपल्या मित्राबरोबर तो कित्येक मैल पायीं चालत केंब्रिज येथें जाई आणि हार्वर्ड विद्यालयांतील शास्त्रविषयक व्याख्यानें ऐके. घरीं परतल्यावर तींच उपकरणें दोघे मित्र ओबडधोबड कां होईना, स्वतःच्या हातांनीं तयार करीत.

यानंतर तो न्यू हॅम्पशायर प्रांतांतील काँकर्ड गांवीं शाळामास्तर झाला. या गांवाचें जुनें नांव रंफर्ड. येथेंच १७७२ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, आपल्याहून बरीच वडील असलेल्या एका धनाढ्य विधवेशीं त्याचें लग्न झालें. गरीब शिक्षकाचा एकाएकीं जमीनदार बनला आणि थोड्याच काळांत प्रांतिक सैन्यांत मेजरच्या हुद्द्यावर चढला. १७७४ सालीं त्यास सारा नांवाची कन्या झाली.

येथवर सर्व ठीक. परंतु चरित्र लिहावयाचें तर नायकाचे दोषही झांकून ठेवतां येत नाहींत. त्या सुमारास अमेरिकेंत स्वातंत्र्याची चळवळ पेटली होती. टॉम्प्सननें इंग्रजांचा पक्ष धरला. इतकेंच नव्हे, तर आपल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हालचालींच्या बातम्या तो गुप्तपणें इंग्रज सेनापतीस कळवूं लागला. लोकांचा संशय बळावला, तेव्हां पत्नी आणि तान्हें मूल यांस मागें टाकून तो निसटला. १७७६ सालीं इंग्रज सैन्यानें बॉस्टन शहर सोडलें, त्या वेळीं तो लंडनला गेला. पत्नीची व त्याची पुन्हा भेट झाली नाहीं. ती १७९२ सालीं वारली. बुद्धीची देणगी आणि मनाचा ओलावा हीं दोन्ही एकाच ठिकाणीं असतातच असें नाहीं, हें या चरित्रांत आपणांस वारंवार दिसून येईल.

लंडनमध्यें त्याच्या हुशारीस वाव मिळाला. वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्याच्या कचेरींत तो वाढत गेला आणि फावल्या वेळांत बंदुकीच्या दारूवर प्रयोग करूं लागला. दारूच्या जोरानें गोळी किती वेगानें जाते, नळी किती तापते, याचीं त्यानें बारकाईनें मोजमापें घेतलीं. या कामाबद्दल १७७९ सालीं तो रॉयल सोसायटीचा सभासद निवडला गेला. १७८४ मध्यें इंग्लंडच्या राजानें त्यास सरदारकी दिली. त्यानंतर तो जर्मनींतील बव्हेरिया संस्थानचा अधिपति कार्ल थिओडोर याच्या नोकरींत शिरला, आणि त्याच्या आयुष्यांतील खरें विधायक कार्य म्यूनिक शहरीं सुरू झालें.

बव्हेरियाच्या फौजेची दशा तेव्हां शोचनीय होती. शिपायांना पोटभर अन्न नाहीं, अंगावर धड कपडा नाहीं. कमी खर्चांत जास्त ऊब देणारें कापड कोणतें, हें ठरविण्यासाठीं टॉम्प्सननें लोंकर, रेशीम, कापूस, पिसें यांवर प्रयोग केले. त्यांतून त्याच्या ध्यानांत आलें कीं, ऊब देण्याचें काम धाग्यांपेक्षां धाग्यांमध्यें अडकून पडलेली हवाच अधिक करते. हवा हलूं दिली नाहीं तर ती उष्णतेस सहजीं जाऊं देत नाहीं. आपल्याकडील जुनेऱ्याची गोधडी कां उबदार असते, याचें उत्तर यांतच आहे.

अशीच एक गोष्ट त्याला योगायोगानें दिसली. मद्यार्क भरलेला एक मोठा उष्णतामापक तापवून त्यानें निवण्यासाठीं खिडकीपाशीं ठेवला होता. त्यावर सूर्याचे किरण पडले होते. सहज पाहिलें तों आंतील मद्यार्कांत धुळीचे बारीक कण सारखे वर-खालीं फिरत आहेत! नळीच्या मध्यभागीं एक प्रवाह वर चढत होता आणि कडेनें दुसरा खालीं उतरत होता. द्रवपदार्थांत उष्णता अशा प्रवाहांच्या द्वारां पसरते, हें त्यावरून त्यानें ताडलें. आपल्या पाठ्यपुस्तकांत उष्णतेच्या अभिसरणाचा जो धडा असतो, त्याच्या मुळाशीं असलीं निरीक्षणें आहेत. असले कण त्यापूर्वीं पुष्कळांच्या डोळ्यांसमोरून गेले असतील. परंतु थांबून विचार करणारे थोडे.

आतां त्याच्या अत्यंत लोकोपयोगी कामाकडे वळूं. म्यूनिक शहरांत भिकाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. १ जानेवारी १७९० हा वर्षप्रतिपदेचा दिवस; त्या दिवशीं भिक्षा मागण्यासाठीं रस्तोरस्तीं गर्दी होत असे. टॉम्प्सननें अगोदरच सर्व तयारी करून त्याच दिवशीं शहरांतील भिकाऱ्यांस एकत्र केलें, आणि आठवड्याभरांत दोन हजारांहून अधिक लोकांची नोंद झाली. त्यांना तुरुंगांत न टाकतां त्यानें एका मोठ्या उद्योगगृहांत नेलें. तेथें स्वच्छ खोल्या, ऊब, गरम जेवण आणि प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणें सूत कातणें, विणणें, शिवणें असें काम होतें. फौजेचे कपडे तेथें तयार होऊं लागले. मुलांसाठीं शिक्षणाचीही सोय होती. माणसास प्रथम सद्गुणी करावें व मग सुखी करावें, हा रूढ क्रम त्यानें उलटा फिरविला. उपाशी आणि थंडीनें कांकडणाऱ्या माणसाला उपदेश करण्यापूर्वीं त्याला जेवूं घालावें, असें त्याचें मत होतें, आणि तें त्यानें खरें करून दाखविलें.

परंतु रोज हजार-हजार माणसांना जेवूं घालावयाचें तर खर्च कसा भागावा? जवाचें पीठ, वाटाणे, बटाटे, शिर्का आणि पावाचे तुकडे यांपासून त्यानें एक स्वस्त व पौष्टिक पातळ अन्न सिद्ध केलें. तेव्हां त्या भागांत बटाटा खाणें लोकांना कमीपणाचें वाटत असे. अन्नाचा प्रश्न सुटला, तरी जळणाचा उरलाच. त्या काळच्या युरोपांतील स्वयंपाकघरांत उघड्या, ऐसपैस विटाळ्यावर मोठमोठे ओंडके धडाडत असत आणि त्यावर भांडीं टांगलेलीं असत. स्वयंपाकीण भाजून निघे, घर धुरानें भरे, आणि भांड्याला मात्र जाळाचा थोडाच भाग लागे. जळणांतून मिळूं शकणाऱ्या उष्णतेच्या आठ हिश्शांपैकीं सात हिस्से धुराबरोबर आकाशांत जातात, असा त्यानें अंदाज केला.

यावर त्यानें काढलेला उपाय साधा होता. विटांच्या ओट्यांत भांड्याच्या आकाराची बैठक करून भांडें त्यांत जवळजवळ कांठापर्यंत उतरवावें. प्रत्येक भांड्याखालीं त्याच्या मानानें लहानसा, बंदिस्त जाळ असावा. जळण लोखंडी जाळीवर ठेवावें, म्हणजे खालून हवा मिळेल. हवा आंत येण्याच्या वाटेस झांकण असावें, म्हणजे जाळ कमी-जास्त करतां येईल. आणि तप्त वायु भांड्याच्या भोंवतीं फिरवून मगच धुराड्यांत सोडावे. भांड्यावर झांकण हवेंच. पाणी एकदां उकळूं लागल्यावर जाळ कितीही वाढविला तरी अन्न अधिक लवकर शिजत नाहीं, केवळ वाफ अधिक होते, हेंही तो स्वयंपाक्यांना पुनःपुन्हां समजावून सांगे.

वाचकहो, हीं तत्त्वें आपणांस परकीं वाटण्याचें कारण नाहीं. कोल्हापुरांतील जुन्या घरांच्या न्हाणीघरांत तांब्याचा बंब असे, तो आठवा. त्याच्या पोटांतून जाळाची नळी गेलेली आणि तिच्या सभोंवार पाणी. जाळ मध्यें व पाणी भोंवतालीं, त्यामुळें उष्णतेला पळून जाण्यास वाट फार थोडी. आपल्या आजीच्या चुलीला जोडलेला वैल पाहा. पुढच्या भांड्याखालून सुटलेला जाळ मागच्या भांड्याला लागे, आणि भाकरी होतां होतां आमटीही उकळे. पंचक्रोशींतील गुऱ्हाळावर काहिलीखालीं जें चुलवाण असतें, त्यांतही हाच प्रश्न आहे. त्याच उसाच्या वाळलेल्या चिपाडांवर त्याच उसाचा रस आटवावयाचा. चुलवाण नीट बांधलेलें असेल तर चिपाडें पुरतात. नसेल तर जळण विकत आणावें लागतें. कोणीं पुस्तक न वाचतां आपल्या कारागिरांनीं अनुभवानें जें साधलें, तेंच रंफर्डनें मोजून, लिहून आणि कारणें देऊन जगापुढें मांडलें.

या कामगिरीबद्दल त्यास पवित्र रोमन साम्राज्याचा काउंट हा किताब मिळाला. कोणत्या गांवाचें नांव धारण करावें, असा प्रश्न आला, तेव्हां त्यानें ज्या गांवांतून त्याला पळून यावें लागलें होतें त्याच रंफर्डचें नांव घेतलें. सोडलेल्या मातीची ओढ मनाच्या कोपऱ्यांत कोठें तरी उरली असावी. म्यूनिकचें सुप्रसिद्ध इंग्लिश उद्यान हीही त्याचीच कल्पना; तें १७८९ सालीं सुरू झालें आणि आजही त्या शहराची शोभा वाढवीत आहे.

१७९५ सालीं तो कांहीं दिवस लंडनला आला. तेथील घराघरांतून धुराचा त्रास त्यानें पाहिला. त्यानें धुराड्याचा गळा अरुंद केला, अग्निकुंडाची खोली कमी केली आणि दोन्ही बाजूंच्या भिंती तिरप्या केल्या, जेणेंकरून उष्णता खोलींत परतावी. धूर निमूटपणें वर जाऊं लागला आणि खोल्या उबदार झाल्या. लंडनमधील शेंकडों घरांतून त्याच्या पद्धतीचीं अग्निकुंडें बसविण्यांत आलीं. विशेष हें कीं, आपल्या शोधांचे एकस्व हक्क त्यानें घेतले नाहींत. ज्याला पाहिजे त्यानें नक्कल करावी, अशी त्याची मोकळीक होती. थेंबाथेंबानें कॉफी गाळणारें भांडें, पाण्याच्या भांड्यांत दुसरें भांडें ठेवून मंद आंचेवर शिजविण्याची रीत, अशा किती तरी घरगुती सोयींशीं त्याचें नांव जोडलेलें आहे.

पुन्हा म्यूनिकला आल्यावर तोफांच्या कारखान्यांत त्यानें जो प्रयोग केला, त्यानें पदार्थविज्ञानाचा पायाच हालविला. तोफेच्या धातूस छिद्र पाडतांना ती कमालीची तापते, हें सर्वांनाच ठाऊक होतें. उष्णता हा एक अदृश्य, वजनरहित द्रव असून तो वस्तूंत भरलेला असतो, असें तेव्हां विद्वान मानीत. रंफर्डनें मुद्दाम बोथट हत्यार घेतलें, धातूचा गोळा पाण्याच्या पेटींत बसविला आणि घोड्यांकडून तें यंत्र फिरविलें. पेटींत सुमारे १९ पौंड पाणी होतें. अडीच तासांत तें पाणी खळखळां उकळूं लागलें. विस्तव नाहीं, ठिणगी नाहीं, आणि पाणी उकळतें, हें पाहून जमलेले लोक थक्क झाले. घर्षण चालू असेपर्यंत उष्णता निघतच राहते. मग ती साठवलेला द्रव कशी असेल? ती गतीचाच एक प्रकार असली पाहिजे, असें त्यानें १७९८ सालीं रॉयल सोसायटीपुढें मांडलें. विद्वानांनीं तें लगेच मान्य केलें नाहीं. सुमारे चाळीस-पन्नास वर्षांनंतर जूल याच्या प्रयोगांनीं या विचारास भक्कम पाठबळ मिळालें.

१७९९ मध्यें लंडन येथें रॉयल इन्स्टिट्यूशन ही संस्था स्थापन करण्यांत रंफर्डचा पुढाकार होता. शास्त्राचें ज्ञान सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोंचावें, हा तिचा उद्देश. हंफ्री डेव्ही या तरुण रसायनशास्त्रज्ञाला त्यानेंच तेथें आणविलें. पुढें त्याच संस्थेंत फॅरडेसारखें रत्न उदयास आलें. तत्पूर्वीं १७९६ सालीं उष्णता व प्रकाश या विषयांतील शोधांसाठीं पदक देण्याकरितां त्यानें रॉयल सोसायटीस १००० पौंड दिले होते. पहिलें पदक त्याचें त्यालाच मिळालें! पुढें तें फॅरडे, पाश्चर, मॅक्सवेल यांसारख्या थोरांच्या वांट्यास आलें.

उत्तरायुष्यांत तो पॅरिसमध्यें राहिला. तेथें त्यानें निरनिराळीं जळणें किती उष्णता देतात, हें मोजण्याचें एक उपकरण बनविलें. पाण्याच्या पेटींतून एक वांकडी नळी फिरविलेली. तिच्या तोंडाशीं मेण, तेल किंवा मद्यार्क जाळावयाचा आणि पाणी किती तापलें तें पाहावयाचें. खोलीच्या हवेमुळें हिशेबांत चूक येऊं नये म्हणून तो पाणी खोलीपेक्षां जितकें थंड तेथून सुरुवात करी, तितकेंच तें खोलीपेक्षां गरम झालें कीं प्रयोग थांबवी. म्हणजे पूर्वार्धांत हवेकडून मिळालेली उष्णता उत्तरार्धांत हवेला परत जाई. किती साधी आणि किती समर्पक युक्ति ही!

याच हिशेबाच्या दृष्टीनें आपल्या डब्याच्या चुलीकडे पाहूं. एक ग्रॅम शुद्ध मद्यार्क जळल्यानें सुमारे ७ किलोकॅलरी उष्णता मिळते. एक लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास ७५ किलोकॅलरी लागतात. म्हणजे उष्णतेचा कणही वाया न गेला तर सुमारे ११ ग्रॅम मद्यार्क पुरावा. प्रत्यक्षांत उघड्या ज्योतीवर याच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही अधिक लागतो. जास्तीचा जातो तो कोठें? कांहीं वारा नेतो. म्हणून भांड्याभोंवतीं बोटभर अंतर ठेवून पत्र्याचा आडोसा करावा. त्याच्या तळाशीं हवेसाठीं छिद्रें ठेवावीं आणि वरून वायु जाण्यास वाट असावी. आडोसा पूर्ण बंद केल्यास ज्योत गुदमरते. कांहीं उष्णता वाफेवाटे जाते. म्हणून झांकण ठेवावें. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर पसरत असेल तर चूल भांड्याच्या मानानें मोठी आहे असें समजावें, किंवा बूड रुंद असलेलें भांडें घ्यावें. भांडें ज्योतीस फार चिकटलें तर ज्वलन अपुरें होऊन उग्र वास सुटतो, फार उंच गेलें तर उष्णता वाया जाते. योग्य अंतर प्रयोगानेंच ठरवावें. स्पिरिटांत पाणी असेल तर त्याची वाफ करण्यांतही उष्णता खर्च होते. तरी फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेनें निम्में पाणी मिसळलेल्या मद्यार्कावर चालणारी चूल तयार करून दाखविली आहे, हें येथें नमूद करण्याजोगें आहे. आपल्या जिल्ह्यांतील साखर कारखान्यांच्या मळीपासून मद्यार्क होतो. तेव्हां हा विषय आपल्या दाराशींच आहे.

मात्र हा प्रयोग वडील माणूस किंवा शिक्षक जवळ असल्यावांचून करूं नये. मद्यार्काची ज्योत उजेडांत दिसत नाहीं. म्हणून चूल विझली असें वाटलें तरी ती पूर्ण थंड होईपर्यंत तींत पुन्हा स्पिरिट ओतूं नये. बंद खोलींतही ती पेटवूं नये. आणि रंफर्डप्रमाणें दर वेळीं तेंच पाणी, तेवढेंच स्पिरिट घेऊन एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व वेळ वहींत लिहावी. असें केलें तरच कोणत्या सुधारणेनें किती फायदा झाला, हें समजेल.

रंफर्डचा अखेरचा काळ सुखाचा गेला नाहीं. सुप्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याच्या विधवेशीं १८०५ सालीं त्यानें विवाह केला. पण दोघांचे स्वभाव जुळले नाहींत. एकदां त्यानें पाहुण्यांना फाटकाबाहेरच अडविलें, तेव्हां संतापलेल्या पत्नीनें त्याच्या आवडत्या फुलझाडांवर उकळतें पाणी ओतलें, अशी कथा आहे. १८०९ सालीं तीं विभक्त झालीं. पुढें तो पॅरिसजवळ ओतय येथें राहूं लागला आणि तेथेंच २१ ऑगस्ट १८१४ रोजीं त्याचें निधन झालें. ज्या हार्वर्डला तो लहानपणीं पायीं चालत जात असे, तेथें एका अध्यापकाच्या नेमणुकीसाठीं त्यानें मृत्युपत्रानें रक्कम ठेविली होती. तान्हेपणीं टाकलेली कन्या मोठेपणीं त्याजकडे येऊन राहिली होती; परंतु बापलेकींचे दिवसही सारे गोडीचे गेले नाहींत.

अशा या पुरुषाचें काय घ्यावें व काय टाकावें? त्यानें देश सोडला, घर सोडलें, त्याच्या अहंकारानें पुष्कळांचीं मनें दुखावलीं, हें टाकावें. परंतु पंडितांच्या सभेंत मान मिळाल्यावरही स्वयंपाकघराच्या चुलीपाशीं वांकून बसण्यांत त्याला कमीपणा वाटला नाहीं, हें घ्यावें. आज आपल्या शहरांत घरोघर गॅस आला आहे. तरी खेड्यापाड्यांतून आणि डोंगरकपारींतून किती तरी मायबहिणी अद्याप धुरांत डोळे चोळीत स्वयंपाक करीत आहेत. त्यांच्या चुलीचा धूर कमी करणारा, त्यांच्या डोक्यावरची मोळी हलकी करणारा एखादा विद्यार्थी या शाळेंतून निघाला, तर काउंट रंफर्डचें हें चरित्र वाचल्याचें सार्थक झालें असें आम्हीं समजूं.